कंपनीची विजेतेपदं मोजून बॉल घेऊ नकोस

पीबीए टूरवर, म्हणजे टेनपिन बोलिंगच्या व्यावसायिक स्पर्धांमध्ये, कोणत्या कंपनीच्या बॉलने जास्त स्पर्धा जिंकल्या, हे बघून पहिला बॉल ठरवतोयस, तर जरा थांब. आधी बघ, त्या कंपनीशी करार केलेले खेळाडू किती. स्टॉर्म या बॉल कंपनीचा आकडा मोठा दिसणारच, टूरवर त्यांची फौजच मोठी. शिवाय त्यांच्याच जेसन बेलमॉन्टेची 15 मेजर, म्हणजे सगळ्यांत मोठ्या स्पर्धांची, विजेतेपदं! तो दोन हातांनी बॉलला जी फिरकी देतो, ती बॉलसोबत डब्यात येत नाही. मोटिव्ह या कंपनीकडे त्या मानाने खेळाडू थोडे, पण ई. जे. टॅकेट एकटाच त्यांचं नाव सतत वर ठेवतो.

दुसरं म्हणजे नावं वेगळी, मालक एकच. रोटो ग्रिप आणि 900 ग्लोबल हे बॉलचे ब्रँड स्टॉर्मच्याच घरातले. 2019 मध्ये ब्रन्सविकने एबोनाइट विकत घेतली, म्हणून हॅमर, ट्रॅक, कोलंबिया 300 हे तिचे ब्रँड सगळे तिकडे गेले. मग 'हॅमर विरुद्ध ब्रन्सविक' या वादाला काय अर्थ उरतो?

आणि हे खेळाडू स्पर्धेला पिशव्या भरून बॉल नेतात, लेनवर, म्हणजे बॉल टाकायच्या पट्टीवर, लावलेलं तेल सरकलं की बदलतात. तू खेळणार रोजच्या हाउस पॅटर्नवर, म्हणजे बोलिंग सेंटरमध्ये नेहमी असते त्या तेलाच्या मांडणीवर: मध्ये तेल जास्त, कडेला कमी. तिथे मध्यम ताकदीचा रिअ‍ॅक्टिव्ह बॉल, म्हणजे कोरड्या भागात पकड घेऊन वळणारा, पुरे. ब्रँड कुठलाही चालेल, पण भोकं तुझ्या हाताच्या मापानेच पाडून घे. स्पेअरसाठी, म्हणजे पहिल्या फेकीत उरलेल्या पिन पाडायला, साधा प्लास्टिकचा बॉल वेगळा ठेव.