लिनक्स बूट होतं, पण सिरीयलवर टाइप केलेलं बोर्डापर्यंत पोहोचत नाही. काय तपासू?

तुम्ही लिहिलंय की नव्या बोर्डावर कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) सगळे संदेश नीट दिसतात, मग स्वागताच्या ओळीची पंधरा-सोळा अक्षरं येऊन सगळं अडकतं आणि की दाबली तरी काही उमटत नाही. यू-बूटमध्ये (लिनक्सच्या आधी चालणाऱ्या बूटलोडरमध्ये) मात्र टायपिंग चालतं.

यू-बूटमध्ये चालतंय ना, मग वायर आणि बॉड रेट (सिरीयलचा वेग) ठीक आहेत. त्यांच्यामागे लागू नका. मी लागलो होतो. कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीत आम्ही फाउंड्रीच्या भट्टीचं तापमान नोंदवणारा बोर्ड करत होतो, तेव्हा अगदी हाच त्रास झाला. उद्यमनगरातनं नव्या केबली आणल्या, आरएक्सची, म्हणजे डेटा आत घेणारी, पिन पुन्हा सोल्डर केली. दोन दिवस गेले आणि दोष तिथे नव्हताच.

तुमची ती पंधरा-सोळा अक्षरंच सगळं सांगतायत. कर्नलचे संदेश छापणारा प्रिंटके यूएआरटीचं, म्हणजे सिरीयल पोर्टच्या चिपचं, स्टेटस रजिस्टर बघत बघत एकेक अक्षर ढकलतो, त्याला इंटरप्ट (चिपने प्रोसेसरला दिलेली हाक) लागतच नाही. यू-बूटचंही तसंच. यूजरस्पेस (कर्नलबाहेरचे नेहमीचे प्रोग्रॅम) सुरू झाली की टीटीवाय लेयर, म्हणजे कर्नलमधला टर्मिनल सांभाळणारा भाग, मध्ये येतो आणि मग लिहिणं-वाचणं दोन्ही इंटरप्टवर चालतं. इंटरप्ट पोहोचला नाही तर फिफोत (चिपमधल्या छोट्या रांगेत) मावतात तेवढी अक्षरं बाहेर पडतात (16550 जातीच्या यूएआरटीत फिफो 16 बाइटचा असतो) आणि पुढचं अडतं. तुम्ही दाबलेली की चिपमध्ये येऊन पडते, पण तिला उचलायला कोणी येत नाही.

खात्री कशी करायची? टाइप तर करता येत नाही. आरसीएस स्क्रिप्टमध्ये (बूट होताना आपोआप चालणाऱ्या) अगदी वर एक लूप घाला, बॅकग्राउंडला: दर पाच सेकंदांनी /प्रॉक/इंटरप्ट्समधली (इथे प्रत्येक इंटरप्ट किती वेळा आला ते दिसतं) यूएआरटीची ओळ ग्रेप करून /डेव्ह/केएमएसजीत, म्हणजे कर्नलच्या संदेशांच्या फाइलीत, लिहायची. तिथे लिहिलेलं प्रिंटकेच्या वाटेनं बाहेर येतं, म्हणून अडकत नाही. बूट आर्ग्युमेंटमध्ये 'क्वाएट' असेल तर काढा, नाहीतर हे संदेश दिसणार नाहीत. आता कीबोर्डवर भराभर की दाबत राहा. आकडा शून्यावरच राहिला, तर बहुतेक डिव्हाइस ट्रीतला (बोर्डावर काय कुठे जोडलंय ते कर्नलला सांगणाऱ्या फाइलीतला) इंटरप्ट नंबर चुकलाय.

आमचा तसाच चुकला होता. एआरएम प्रोसेसरच्या जीआयसी या इंटरप्ट कंट्रोलरमध्ये पेरिफेरलचे इंटरप्ट, म्हणजे एसपीआय (त्या नावाची सिरीयल बस नव्हे), आयडी 32 पासून सुरू होतात, पण डिव्हाइस ट्रीत ते शून्यापासून मोजतात. मॅन्युअलच्या तक्त्यात 104 होता, मी 104 च लिहिला. हवा होता 72. डीटीबी (डिव्हाइस ट्रीची कंपाइल केलेली फाइल) नव्याने बनवून चढवली, स्वागताची ओळ पूर्ण आली, आणि 'रूट' टाइप करताना एकेक अक्षर स्क्रीनवर उमटताना बघून जो जीव भांड्यात पडला, तो अजून आठवतो.

स्वागताची ओळ पूर्ण येऊन फक्त टायपिंग मेलेलं असतं, तर मी आधी पिनमक्स, म्हणजे कोणती पिन कोणत्या कामाला लावलीय ते, बघितलं असतं. कर्नल कधी कधी आरएक्सची पिन दुसऱ्याच कामाला लावतं. तुमची लक्षणं तशी नाहीत.

  

तरीही अडलंच तर डिव्हाइस ट्रीतला यूएआरटीचा नोड आणि मॅन्युअलमधली इंटरप्टची ओळ इथे टाका, मी बघून सांगतो.