दहा वर्षं भरली नाहीत, तरी पेन्शन बसते

प्रश्न : माझे पती (वय ४६) एका कारखान्यात लेथ ऑपरेटर आहेत. नोकरीला ८ वर्षं ४ महिने झाले. गेल्या वर्षी घरीच अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात चालत नाही. पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा) दोन्ही कापलं जायचं. कंपनी म्हणते, 'राजीनामा द्या. दहा वर्षं झाली नाहीत, पेन्शन बसणार नाही. फॉर्म १०-सी भरा आणि पेन्शन फंडातले पैसे घेऊन टाका.' सही करावी का?

उत्तर : ताई, सही करू नका. निदान त्या कागदावर तरी नको.

दहा वर्षांची अट खरी आहे, पण ती नेहमीच्या पेन्शनला. कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ मध्ये कायमच्या पूर्ण अपंगत्वाची तरतूद वेगळी आहे. तिथे एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी चालते. झटका घरी आला की मशीनवर, यानेही फरक पडत नाही. अपंगत्व नोकरीत असताना आलं, हे महत्त्वाचं. ही पेन्शन १०-डी फॉर्मवर मागायची. १०-सी भरून पैसे उचलले, की पेन्शनवर पाणी सोडलंत.

खरी झटापट मेडिकल बोर्डापुढे होते. झटका आला तेव्हा माणूस जे काम करत होता, त्यासाठी तो कायमचा निकामी झालाय का, हे बोर्ड तपासतं. डॉक्टर बहुतेक वेळा 'विश्रांतीची गरज' एवढंच लिहून मोकळे होतात. ते पुरत नाही. चकमध्ये (लेथच्या पकडीत) जॉब बांधणं, हँडव्हील फिरवणं, मायक्रोमीटर धरणं उजव्या हाताने आता शक्य नाही आणि सुधारणेची आशा नाही, असं स्पष्ट लिहून घ्या.

रक्कम मात्र मोठी नाही, आधीच सांगते. पगार जास्त असला तरी हिशेब १५,००० रुपयांच्या मर्यादेवर होतो : १५,००० गुणिले नोकरीची पूर्ण ८ वर्षं, भागिले ७० (सूत्रातला ठरलेला आकडा), म्हणजे महिना सुमारे १,७१४ रुपये. पण ती अपंगत्वाच्या दुसऱ्या दिवसापासून लागू होते आणि तहहयात मिळते. त्यांच्या पश्चात तुम्हाला निम्मी, पण किमान १,००० रुपये. शिवाय एका वेळी दोन मुलांना, वयाच्या २५ वर्षांपर्यंत, तुमच्या पेन्शनच्या २५ टक्के प्रत्येकी.

आता राजीनामा. कंपन्यांच्या छापील नमुन्यात 'घरगुती कारणास्तव' असं असतं, आणि दमलेला माणूस न वाचता सही करतो. पुढे तोच कागद आडवा येतो. पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख टाकताना कंपनीला कारणही निवडावं लागतं. तिथे कायमचं अपंगत्व हेच कारण पडलं पाहिजे. तशी लेखी मागणी करा आणि पोच घ्या.

घाई कंपनीला आहे, तुम्हाला नाही. अर्धांगवायू ईएसआयच्या दीर्घ आजारांच्या यादीत आहे. वर्गणीच्या अटी पूर्ण असतील तर सरासरी रोजच्या पगाराच्या ८० टक्के, जास्तीत जास्त दोन वर्षं मिळू शकतात. त्यासाठी ईएसआयच्याच डॉक्टरचा दाखला लागतो, म्हणून खासगी डॉक्टरची फाइल घेऊन आधी तिथल्या दवाखान्यात जा. पीएफची शिल्लक आणि ग्रॅच्युइटी हे हक्क वेगळे. १०-सी भरला नाही म्हणून ते कुणी अडवू शकत नाही.