आत्तापासून बापाच्या बाजूने वाचू नकोस

प्रिय मित्रा,

(तू मला काका म्हणतोस, पण पुस्तकांपुरतं ते नातं बाजूला ठेवू.)

ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयातून माझ्या नावावर नेलेली ‘कोसला’ तू अर्ध्यात परत आणलीस. म्हणालास, “बापाच्या पैशावर पुण्यात राहतो आणि काही न करता गावी परत येतो. यातून घ्यायचं काय?” ऐरोलीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला मुलगा हे विचारतो! अरे, हा प्रश्न बापाचा आहे. तुझ्या वयाला तो शोभत नाही.

1963 साली ती कादंबरी आली तेव्हा लेखक भालचंद्र नेमाडे पंचवीस वर्षांचे, आणि सांगणारा पांडुरंगही पंचवीसचाच. मला ती वेळेवर कुणी दिली नाही. चाळिशी उलटल्यावर हाती आली, तेव्हा माझी मुलगी शाळेत होती. लोकलमध्ये वाचताना मी पांडुरंगच्या होस्टेलचा खर्च मनातल्या मनात मांडत होतो. मग पांडुरंगच्या धाकट्या बहिणीचं, मनीचं मरण आलं आणि विक्रोळीपासून ठाण्यापर्यंत एकही पान उलटलं नाही. तरी मी तिथेही बापच होतो, भाऊ नव्हतो. विशीतलं ते वाचन माझं गेलं ते गेलंच. तुझं अजून हातात आहे, म्हणून चिडतो.

घ्यायचं काय म्हणे! भाजी आहे का ती?

डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मधला पिप घे, 1861 चा. ज्याने लहानपणी सांभाळलं तो ‘जो’ नावाचा लोहार लंडनला भेटायला येणार, तर याला वाटतं, पैसे देऊन त्याचं येणं टाळता आलं असतं तर दिले असते. तुझे बाबा डबा द्यायला कॉलेजात आले, तेव्हा तू धावत जाऊन त्यांना गेटबाहेरच गाठलंस. तूच हसत सांगितलंस मला. ते हसू कसलं होतं, हे पिपला बरोबर कळलं असतं. मला सांगता येणार नाही, कारण मी आता डबा आणणाऱ्यांतला.

आणि मिलिंद बोकीलांच्या ‘शाळा’चा सिनेमा पाहिलाय, मग कादंबरी कशाला, हे ऐकवू नकोस. सारांशाचे व्हिडिओही पाठवू नकोस. मुकुंदबरोबर नववीत बस, त्याच्या बाजूने. बापाच्या बाजूने वाचायला पुढे जन्म पडलाय.

मी प्रमोशनची परीक्षा दिली नाही ती कादंबऱ्यांपायी, असं तुझी काकू सांगते. साफ खोटं. बदली झाली असती, मला ठाणं सोडायचं नव्हतं. अभ्यासाची पुस्तकं आणलीही होती. हे पत्र मात्र तिला दाखवू नकोस.

तुझा,
काका