जुना रुबिडियम ऑसिलेटर संगणकाच्या सिरीयल पोर्टला थेट जोडावा का?

थेट जोडू नये. रुबिडियम ऑसिलेटर म्हणजे रुबिडियम अणूंच्या आधारे अतिशय अचूक वारंवारता देणारे उपकरण. एफई-५६८०ए या सेकंडहँड बाजारात सर्रास मिळणाऱ्या रुबिडियम ऑसिलेटरचा नऊ पिनांचा कनेक्टर हुबेहूब सिरीयल पोर्टसारखा दिसतो, परंतु त्याच्या नेहमीच्या आवृत्तीत पिन १ वर १५ व्होल्टचा पुरवठा, पिन २ वर ग्राउंड, तर डेटा पिन ८ आणि ९ वर असतो. संगणकाकडे मात्र डेटा २ आणि ३ वर, ग्राउंड ५ वर असते. तयार केबल येथे घातकच. शिवाय आवृत्त्या अनेक असल्याने विक्रेत्याच्या आकृतीवर विसंबू नये.

प्रथम संगणक न जोडता उपकरणाला वीज द्यावी आणि डेटा पाठवणाऱ्या पिनेचा ग्राउंडच्या तुलनेतील व्होल्टेज मल्टिमीटरने मोजावा. तो उणे ५ ते उणे १२ व्होल्टच्या आसपास असेल, तर तो आरएस-२३२ (संगणकाच्या सिरीयल पोर्टचे विद्युत मानक) संकेत आहे, अधिक ३.३ किंवा ५ असेल, तर मध्ये मॅक्स३२३२ सारखी रूपांतरक चिप हवीच. त्यानंतर दोन्हीकडची वीज बंद करून केवळ ग्राउंड आणि दोन डेटा तारा, त्यातही ग्राउंड आधी, जोडावी.

सेकंदाला एक येणारा स्पंद संगणकाच्या सिरीयल पोर्टच्या डीसीडी (कॅरियर डिटेक्ट) पिनेवर देऊन एनटीपीसाठी (संगणकाचे घड्याळ जुळवणारी नेटवर्क टाइम प्रोटोकॉल प्रणाली) वापरायचा असल्यास तो आधी लांबवावा लागतो, कारण या उपकरणाचा स्पंद जेमतेम एक मायक्रोसेकंदाचा असतो आणि पोर्टला तो बहुधा जाणवतही नाही.