पेलाभर दुधासाठी रोजची रडारड

‘मूल दूधच पीत नाही, मग कॅल्शियम मिळणार कुठून?’ दोन-तीन वर्षांच्या मुलांचे आईवडील माझ्याकडे येतात, तेव्हा हा प्रश्न हमखास निघतो. अडीच वर्षांच्या एका मुलीच्या आईचंही तेच होतं. सकाळ-संध्याकाळ पेला पुढे आला की घरात रडारड सुरू.

“काल तिने काय खाल्लं?”

“काही नाही हो. दुधाला तोंडसुद्धा लावलं नाही.”

“दूध सोडून सांगा.”

“सकाळी दुधातले ओट्स, दुपारी वाटीभर दही, संध्याकाळी चीजचा तुकडा.”

आम्ही कागदावर मांडलं. ओट्समध्ये १०० मिली दूध, म्हणजे साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम. १०० ग्रॅम दह्यातून जवळपास तेवढंच. २० ग्रॅम चेडर चीजमधून १४०. झाले ३८०. एक ते तीन वर्षांच्या मुलांसाठी वेगवेगळ्या देशांच्या शिफारशी रोज ३५० ते ७०० मिलिग्रॅमच्या आहेत. रात्री आणखी वाटीभर दही दिलं की आकडा ५०० होतो.

आई बराच वेळ कागदाकडे बघत होती. “म्हणजे तिला मिळतंय? मग मी भांडतेय कशासाठी?”

तिची काळजी कॅल्शियमची राहिलीच नव्हती, सगळी त्या पेल्यात अडकली होती. मग ठरलं: काय आणि कधी द्यायचं ते आईने ठरवायचं, किती खायचं-प्यायचं ते मुलीने. पेला जेवणासोबत ठेवायचा, पण ‘पी’ म्हणायचं नाही. आग्रह जितका वाढतो तितका नकार घट्ट होतो, हे मी ठामपणे सांगते. सुरुवातीला मुलीने ढुंकूनही पाहिलं नाही. पुढे एकदा स्वतःहून दोन घोट घेतले. आईने ते पाहिलं आणि काही बोलली नाही. मला त्या न बोलण्याचंच जास्त कौतुक वाटलं.

उलटी चूकही होते. दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त दूध पाजलं की पोट त्यानेच भरतं, जेवण मागे पडतं आणि लोह कमी होतं. कॅल्शियमसाठी पालकाच्या भाजीवर भिस्त ठेवू नका. तिच्यातल्या ऑक्सलेट या घटकामुळे कॅल्शियम फारच थोडं शोषलं जातं. ब्रोकोली, कोबी बरे. बदाम अख्खे देऊ नका, घशात अडकतात. बारीक वाटून द्या. सोयादूध कॅल्शियम घातलेलंच घ्या आणि हलवून ओता, नाहीतर कॅल्शियम तळाशीच राहतं. ड जीवनसत्त्व कमी असेल तर खाल्लेलं कॅल्शियमही नीट शोषलं जात नाही.

दुधाची अ‍ॅलर्जी असेल, दुधाचे सगळेच पदार्थ बंद असतील, वाढ मंदावली असेल किंवा पाय वाकलेले दिसत असतील, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. कॅल्शियमचं सिरप मनाने सुरू करू नका.