क्रीमी स्पायसी चिकन पास्ता घरी केला की सॉस फाटतो, चिकन वातड होतं आणि तिखट लागतच नाही, काय चुकत असेल?

क्रीम निम्मं करा. बाकी सगळं सांगतो पण आधी हे, कारण तुम्ही लिहिलंय की चार जणांसाठी ४०० मिली क्रीम घातलं तरी सॉस फाटला, तिखट लागेना म्हणून वरून अजून मिरची पावडर टाकली आणि मग ती कच्ची कच्ची लागायला लागली. हे अस्संच्या अस्सं मी करून बसलोय. घरी पाच माणसं जेवायला, मी आदल्या दिवसापासून तोऱ्यात सांगत फिरतोय की उद्या पास्ता माझ्याकडे, आणि प्लेटमधे आलं काय तर पांढरट पाण्यात रवाळ गोळे, वर केशरी तवंग, आणि चिकन असलं की बहीण म्हणाली दादा हे चावायचंय का नुसतं गिळायचंय. ब्रेडवर भागवलं सगळ्यांनी. त्यानंतर इतक्यांदा केलाय की आता हाताला सवय झालीय, तर जे कळलं ते लिहितो, लांबेल जरा.

तिखट का लागत नाही ते पहिलं. मिरचीतलं जे झणझणतं ते कॅप्सेसिन, ते पाण्यात विरघळत नाही, तेलातुपात विरघळतं. शिवाय दुधातलं केसिन नावाचं प्रोटीन त्याला धरून ठेवतं, म्हणून तर तोंड भाजलं की पाण्यापेक्षा दूध प्यायल्यावर लवकर बरं वाटतं. आता तुम्ही काय करताय, मिरचीवर तोच उतारा भरभरून ओतताय आणि मग विचारताय तिखट कुठं गेलं. जितकं क्रीम जास्त तितकं तिखट मऊ. आणि शेवटी भुरभुरलेली पावडर शिजायला वेळच मिळत नाही, ती जिभेवर पिठूळ लागते. म्हणून मिरची तीन वेळा जाते माझ्याकडे, एकदा चिकनला, एकदा गरम तेलात लसणाच्या मागोमाग (खरा जोर इथं) आणि एकदा अगदी शेवटी चिली फ्लेक्स वरून, पण चिमूटभरच. काळी मिरी मात्र शेवटीच, ताजी भरडून, आधी घालून उकळत ठेवली की तिचा वास उडून जातो आणि नुसता चटका राहतो.

सामान म्हणाल तर चौघांना ३५० ग्रॅम पास्ता, अर्धा किलो बोनलेस चिकन, २०० मिली क्रीम बस झालं, एक मध्यम कांदा बारीक चिरून, लसणाच्या सातआठ पाकळ्या, टोमॅटो पेस्ट दोन मोठे चमचे, चिली फ्लेक्स एक छोटा चमचा, लाल मिरची पावडर किंवा स्मोक्ड पॅप्रिका दीड छोटा चमचा, बटर ३० ग्रॅम, थोडं तेल, आणि किसलेलं पार्मेजान चीज ५० ग्रॅमच्या आसपास. पास्ता पेने नाहीतर रिगाटोनी घ्या, पोकळ असतो, वर रेघा असतात, सॉस आत बाहेर दोन्हीकडे धरतो. स्पगेटी नको, चिकनचे तुकडे खाली तळाला राहतात आणि काट्याला नुसत्या दोऱ्या येतात.

चिकन. ब्रेस्ट घेत असाल तर एक गोष्ट, ते एका टोकाला जाड आणि एका टोकाला पातळ असतं, तसंच टाकलं तर जाड भाग शिजेपर्यंत पातळ टोकाचं रबर झालेलं असतं. आडवं कापून दोन चपटे तुकडे करा, किंवा प्लास्टिकखाली ठेवून लाटण्याने ठोकून सारखं करा. थाय, म्हणजे मांडीचा भाग, मिळत असेल तर मी म्हणेन थायच घ्या, त्यात चरबी जास्त असते, दोन मिनिटं इकडंतिकडं झाली तरी माफ करतं, ब्रेस्ट माफ करत नाही. धुवायचं नाही हं, नळाखाली धरलं की शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर, सिंकमधे सगळीकडं उडतात आणि शिजवल्यावर ते असेही मरणारच असतात. त्याऐवजी टिशूने दाबून दाबून कोरडं करा. मीठ आणि मिरची पावडर एकतर चाळीस मिनिटं आधी लावून फ्रिजमधे ठेवा, नाहीतर थेट पॅनमधे टाकताना लावा. मधलं काही नको, कारण मीठ लावल्यावर दहापंधरा मिनिटांत चिकनला पाणी सुटतं आणि ते परत आत मुरायला वेळ लागतो, नेमकं त्या ओल्या अवस्थेत पॅनमधे गेलं की भाजण्याऐवजी उकडतं.

आणि आवाज ऐका. तेल तापल्यावर पहिला तुकडा ठेवला की जोरात चर्रर्र झालं पाहिजे. नुसतं पुटपुटलं तर पॅन गार आहे, तुकडा उचला, थांबा. सगळे तुकडे एकदम कोंबू नका, दोन घाण्यात करा, गर्दी झाली की पॅनचं तापमान पडतं, पाणी सुटतं, आणि मग तो खरपूस तपकिरी रंग काही येत नाही, पृष्ठभाग कोरडा होऊन १४० अंशांच्या वर गेल्याशिवाय तो यायला सुरुवातच होत नाही नीट. ठेवल्यावर तीन चार मिनिटं हात लावायचा नाही. हे मला सगळ्यात अवघड गेलं, सारखं उलथणं घालून बघायची खोड. चिकटलेलं असेल तर ते अजून झालेलं नाही, झालं की आपोआप सुटतं. दुसरी बाजू दोन तीन मिनिटं, आणि काढून ताटलीत. थर्मामीटर असेल तर सगळ्यात जाड भागात ७४ अंश सेल्सिअस आलं की शिजलं. एवढ्याशा वस्तूने माझं चिकन सुधारलं ते इतक्या व्हिडिओंनी सुधारलं नव्हतं. पाच मिनिटं ताटलीत पडू द्या, मग कापा, आणि ताटलीत जो रस जमेल तो फेकलात तर मला सांगू नका.

तुमचं चिकन वातड होण्याचं कारण मला वाटतं तुम्ही ते सॉसमधेच शिजवत ठेवताय. एकदा पॅनमधे शिजलं, मग परत दहा मिनिटं सॉसमधे खदखदलं. चिकन परत येतं ते शेवटच्या मिनिटाला, फक्त गरम व्हायला.

पास्त्याचं पाणी. यावर मी भांडायला तयार आहे. १०० ग्रॅम पास्त्याला साधारण एक लिटर पाणी, लिटरला दहा ग्रॅम मीठ, म्हणजे दीड दोन छोटे चमचे. पास्त्याला आतून चव लागायची ही एकच संधी, नंतर सॉसमधे कितीही मीठ घाला ते बाहेरच राहतं. तेल घालू नका पाण्यात, ते वर तरंगतं, आणि ओतताना पास्त्यावर बसतं, मग सॉस घसरतो. गार पाण्याने धुवू पण नका. पाकिटावर अकरा मिनिटं लिहिली असतील तर नवव्या मिनिटाला एक काढून दाताने तोडून बघा, मधे पांढरी कणी दिसली पाहिजे. ती कणी सॉसमधे शिजणार आहे. आणि निथळायच्या आधी, परत लिहितो आधी, दोन कप पाणी बाजूला काढा. मी चाळणीत कप ठेवूनच पाणी उकळायला ठेवतो, नाहीतर सवयीने सगळं सिंकमधे जातं आणि मग डोकं धरून बसायचं.

त्या गढूळ पाण्यात पास्त्याचा स्टार्च असतो आणि तोच स्निग्ध पदार्थ आणि पाणी एकत्र बांधून ठेवतो. खरा क्रीमीपणा तिथून येतो. रोममधे आल्फ्रेडो दी लेलिओ नावाच्या माणसाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जो फेतुचिनी (चपट्या पट्ट्यांचा पास्ता) प्रसिद्ध केला त्यात क्रीमचा थेंब नव्हता, बटर, पार्मेजान आणि हेच पाणी. (तसं बघितलं तर पास्त्यात चिकन घालायची पद्धत पण इटलीतली नाही, त्यामुळे आपण काही फार शुद्धतेचा आव आणायला नको.)

आता सॉस. चिकन काढलं त्याच पॅनमधे, घासायचं नाही, तळाला जे तपकिरी चिकटलंय तीच चव. आच मध्यम, बटर, कांदा, चिमूटभर मीठ, कांदा मऊ होऊ दे. मग लसूण, अर्धा मिनिट, लसूण तपकिरी झाला की कडू होतो आणि तो कडवटपणा क्रीमने पण झाकत नाही. लगेच चिली फ्लेक्स आणि राहिलेली मिरची पावडर, जळतेय वाटलं तर चमचाभर तेल अजून. दहा पंधरा सेकंदांत बटर लाल होतं आणि नाकात ठसका जातो. तो ठसका आला म्हणजे मिरची उतरली. त्यावर टोमॅटो पेस्ट, आणि ती नीट परता, दोन तीन मिनिटं, भडक लाल असते ती विटेसारखी गडद होऊन कडेने तेल सोडेपर्यंत. कच्ची राहिली की आंबट लागते. मग पास्त्याचं पाणी अर्धा कप ओता आणि लाकडी उलथण्याने तळ खरवडून घ्या, सगळं सुटून येतं. दोन मिनिटं उकळू दे.

आणि आता गॅस बारीक. एकदम बारीक. क्रीम फाटतं ते आच, आंबट आणि कमी फॅट हे तिघं एकत्र आले की. क्रीममधे फॅट ३० टक्क्यांच्या वर असेल तर ते उकळीला बऱ्यापैकी टिकतं, त्याहून कमीचं असेल तर टोमॅटोबरोबर उकळलं की त्यातलं प्रोटीन गोळा होतं आणि सगळं रवाळ. पाकिटावर मागे फॅटचा आकडा लिहिलेला असतो तो बघा, तुमचं बहुतेक कमीवालं असणार, आणि फ्रिजमधून काढून थेट रटरटत्या सॉसमधे ओतलेलं असणार. अर्धा तास आधी बाहेर काढा, वाटीत घ्या, त्यात पॅनमधला गरम सॉस दोन तीन चमचे घालून ढवळा, आणि मग ती वाटी हळूहळू पॅनमधे सोडा. कडेला बारीक बुडबुडे चालतील, उकळी नको.

पास्ता घाला, अजून अर्धा कप पाणी, आता आच जराशी वाढवून सतत हलवत दीड दोन मिनिटं. या टप्प्याला सॉस पातळ दिसतो आणि हात शिवशिवतो काहीतरी घट्ट करायला, कॉर्नफ्लोअर वगैरे. थांबा. उलथणं तळावरून ओढा, मागे रेघ उमटून दोन सेकंदांत परत भरली की गॅस बंद. सरसरीतच हवा, कारण प्लेटमधे जाईपर्यंत तो आळतो, पॅनमधेच दाट केलात तर टेबलावर लगदा होतो. गॅस बंद केल्यावर चीज, थोडं थोडं, ढवळत. चालू गॅसवर घातलं की त्याच्या गुठळ्या होऊन चमच्याला तारा लागतात. आणि चीज घरी किसा, आधीच किसून मिळतं त्याला सुटं राहावं म्हणून स्टार्च वगैरे लावलेलं असतं, ते नीट विरघळत नाही. मग चिकन आणि त्याचा तो रस, मिरी, लिंबाचे चार थेंब असतील तर, चव बघून मीठ. चीज आणि पाणी दोन्ही खारट आहेत, त्यामुळे मीठ आधी घालू नका.

तुम्ही विचारलंय फाटल्यावर काय करायचं. दोन प्रकार असतात. नुसतं तेल वर सुटलंय, बाकी गुळगुळीत आहे, तर गॅस बंद करून पास्त्याचं गरम पाणी एक एक चमचा घालत जोरात फेटा, बहुतेक वेळा परत मिळून येतं. पण रवाळ दाणे झाले असतील तर ते प्रोटीन शिजून गोळा झालंय, ते मागे फिरत नाही. पास्ता अजून घातला नसेल तर सॉस ब्लेंडरमधे फिरवा (जरा गार करून, गच्च झाकण लावून गरम सॉस फिरवलात तर तो छतावर जातो, विचारू नका), थोडं ताजं क्रीम घाला, दिसायला तरी सुधारतं, चवीला तसाही फार फरक नसतो.

उरलाच तर दुसऱ्या दिवशी तो फ्रिजमधे दगड होऊन बसलेला असेल. मायक्रोवेव्ह फुल पॉवरवर नको, तेल वेगळं आणि चिकन वेगळं होतं. पॅनमधे पाव कप पाणी नाहीतर दूध, मंद गॅस, झाकण, मधे मधे हलवत. चिकन आधी वेचून बाजूला काढलंत आणि शेवटच्या मिनिटाला परत घातलंत तर अजून बरं, मी काढतो, घरचे हसतात.