आत्याला कुणी विचारलं होतं का?

मनू,

रविवारी जेवताना तू जे विचारलंस ते अजून डोक्यात घोळतंय. पुण्याच्या दादाकाकांच्या लेकीचं हैदराबादच्या तेलुगू मुलाशी जमतंय, दोन्ही घरचे पुढच्या महिन्यात पहिल्यांदा भेटणार, असं आई सांगत होती आणि तू मधेच म्हणालीस, "म्हणजे आत्यालाही असंच सगळ्यांसमोर बसवलं होतं? तिला कुणी विचारलं तरी होतं का, की तुम्ही सगळ्यांनी मिळून तिला धारवाडला पाठवून दिलं?" मला ते लागलं. राग नाही आला, पण लागलं, आणि एका वाक्यात सांगता येईल असं उत्तर नव्हतं म्हणून मी नुसतीच आमटी वाढून घेतली. आता लिहितोय. मोठं होईल, जिथे अडेल तिथे आईकडून वाचून घे.

आधी एक सांगतो. हे लिहितोय म्हणजे तूही असंच लग्न करावंस असं मला सुचवायचंय असं समजू नकोस. तसं काही मनात नाही. मला फक्त तो दिवस तुला सांगायचाय, कारण मी तिथे होतो.

1986 चा डिसेंबर. मी अकरा वर्षांचा, आत्या म्हणजे माझी ताई बावीसची, सांगलीत बी.एड. करत होती. स्थळ आणलं होतं बेळगावच्या मावशीआजींनी, त्यांना दोन्ही भाषा सारख्याच यायच्या आणि दोन्हीकडची घरं माहीत होती. आता तुला वाटेल कन्नड मुलगा म्हणजे आजोबा केवढे पुढारलेले, तर तसं नाही. भाषा वेगळी चालली कारण जात एकच होती, देशस्थ. सांगली-मिरज-बेळगाव-धारवाड पट्ट्यात अशी मराठी-कानडी लग्नं आधीपासून होतात. जात वेगळी असती तर मावशीआजींनी पत्रिका आणलीच नसती, आणि आणली असती तर अण्णांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, उघडली नसती. हे मी झाकणार नाही, तुला आज ना उद्या कळणारच आहे.

पण ते वर्ष वाईट होतं. जूनमध्ये बेळगावात कन्नडसक्तीच्या विरोधात आंदोलन झालं होतं, गोळीबार झाला, माणसं गेली. आमच्या घरी रोज पेपर मोठ्याने वाचला जायचा. अण्णांचे धाकटे भाऊ, तुझे बापूआजोबा, तर इतके पेटलेले की कानडी घरात मुलगी द्यायची कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. तरी पाहुणे येणार त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून सकाळी सातला हजर, कारण घरचं कार्य म्हटल्यावर यायचंच.

पाहुणे धारवाडहून मिरजेला आले. तेव्हा तिकडची गाडी मीटरगेजची, लोंढा-बेळगावमार्गे रमत गमत यायची आणि मिरजेला उतरून पुढे सांगलीला यायचं. रात्रभर प्रवास करून आलेली माणसं. काका म्हणजे नवरामुलगा, त्यांचे आईवडील म्हणजे अव्वा आणि आप्पा, आणि एक मामा. आप्पांनी ओळख करून दिली, "हे आमच्या हिचे धाकटे भाऊ, आणि हेच आमचे मोठे जावई." काकांची थोरली बहीण तिच्या सख्ख्या मामालाच दिलेली होती. त्यांच्याकडे ते रीतसर चालतं, आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्न चालतं पण मामा-भाची म्हणजे बापरे. माईनं, तुझ्या आजीनं, पदर तोंडाला लावला आणि आत निघून आली. ज्या गोष्टीनं आम्ही हादरलो ती त्यांना सांगण्यात काहीच अवघड वाटत नव्हतं, आणि ते मामा इतके साधे, पायाशी पिशवी ठेवून अंग चोरून बसलेले. मी नंतर कित्येकदा त्यांच्या घरी राहिलो, त्यांच्या मुलांबरोबर विहिरीत पोहलो. पण त्या क्षणी माईला वाटलं की आता इथेच थांबवावं.

त्यात पोहे. मुलगी बघायला आले की कांदेपोहे, हे ठरलेलं. माईनं पहाटे उठून परातभर कांदा चिरला होता, आणि अव्वा कांदा-लसूण खायच्या नाहीत हे सांगायचं मावशीआजी विसरल्या होत्या. ताई ट्रे घेऊन बाहेर आली, हो, अगदी तू म्हणतेस तशीच, हिरवी साडी, मान खाली. प्रश्न पण तेच, नाव काय, शिक्षण काय, गाता येतं का. तिनं एक अभंग म्हटला, आवाज जरा कापत होता. अव्वांनी बशी हातात घेतली, बघितली, हळूच खाली ठेवली आणि म्हणाल्या काही नको, दूध चालेल. सगळी खोली गप्प.

आणि नेमकं तेव्हाच बापूआजोबांनी विचारलं, "तुमच्या मते बेळगाव कुणाचं?"

मनू, मला अजून ती शांतता आठवते. अण्णांनी डोळे मिटून घेतले. आप्पांनी मात्र शांतपणे चहाचा घोट घेतला आणि त्यांच्या त्या धारवाडी मराठीत म्हणाले, "माझी डिग्री मुंबई युनिव्हर्सिटीची. नोकरीला लागलो मुंबई राज्यात, बढती मिळाली म्हैसूर राज्यात, आता पेन्शन देतंय कर्नाटक. घर आमचं हाय तिथंच हाय." यात एकही गोष्ट वाढवून सांगितलेली नव्हती. 1956 ला राज्यं नव्यानं आखली तेव्हा धारवाड, बेळगाव, विजापूर मुंबई राज्यातून म्हैसूरला गेले, 1973 मध्ये त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं, आणि या सगळ्यात आप्पा त्याच घरात राहत होते. बापूआजोबांना हे पटलं असं नाही, सीमाप्रश्नावर त्यांचं मत शेवटपर्यंत बदललं नाही आणि माझंही त्यांच्यापेक्षा फार वेगळं नाही. पण त्या दिवशी ते पुढे काही बोलले नाहीत.

मग आप्पांनीच विषय काढला मिरजेचा. मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं दरवर्षी गाण्याचा उत्सव होतो ना, तो ऐकायला ते तरुणपणी धारवाडहून यायचे, आणि त्यांच्या घरचा तंबोरा मिरजेत बनवलेला. अण्णा सरसावून बसले. भोपळा कुठला, मंगळवेढ्याकडचा का, जवारी कुणी काढली, सवाई गंधर्व तुमच्या कुंदगोळचे, गंगूबाई हुबळीच्या, भीमसेन गदगचे पण आता आमच्या पुण्याचे... दोघं असे सुरू झाले की मुलगी बघायला आलोय हेच विसरले. मला आता वाटतं, दोन्ही घरांत सारखं काय आहे ते ती माणसं जिवाच्या आकांताने शोधत होती. भाकरी त्यांच्याकडेही जोंधळ्याचीच, भरली वांगी त्यांच्याकडेही, शेंगदाण्याची चटणीही. खरं तर मुंबईच्या मराठी घरापेक्षा धारवाडचं कानडी घर आम्हाला जवळचं होतं. पण हे जेवायला बसल्यावर कळतं, आधी नाही.

आता तुझा प्रश्न. विचारलं होतं का कुणी?

माई स्वयंपाकघरात अव्वांसाठी गोडाचा शिरा करायला घेत होती. रडवेली झाली होती, इतक्या लांबून माणूस आलं आणि माझ्या घरी दुधावर राहिलं म्हणून. मी कोपऱ्यात विळीवर खोबरं खवत बसलेलो. ताई ओट्याला टेकून उभी. तेवढ्यात अव्वा आत आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. त्यांना मराठी समजायचं, बोलायला अडखळायच्या. माईच्या खांद्याला हात लावला, काही हरकत नाही असं खुणेनं सांगितलं आणि सरळ ताईकडे वळल्या. म्हणाल्या, "तुला मनापासून हाय का? नको असंल तर मला सांग. मी आमच्याकडून नको म्हणून सांगते. तुज्या अण्णांना कळणार बी नाही."

माईचा हात थांबला. रवा खाली लागला, वास सुटला तरी कुणी हललं नाही. मी पण नाही, कारण मी तिथे आहे हे लक्षात आलं असतं तर मला बाहेर काढलं असतं.

ताई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला बी.एड. पूर्ण करायचंय. आणि मला कानडी येत नाही." अव्वा म्हणाल्या, "भाषेचं माझ्याकडं सोड." आणि बाहेर जाऊन त्यांनी आप्पांना सांगून टाकलं की लग्न मुलीच्या परीक्षेनंतर, त्याआधी विषय काढायचा नाही. लग्न झालं मे महिन्यात, परीक्षा देऊन.

तर विचारलं होतं. आपल्या घरातल्या कुणी नाही, त्या बाईंनी. हे लिहिताना मला कसंतरी होतंय. अण्णांचा जीव होता ताईवर, हे मी कुणापुढेही सांगेन, पण त्यांनी तिला समोर बसवून विचारलं असं मला आठवत नाही. त्या पिढीच्या बापाला वाटायचं की आपण नीट चौकशी केली, घर बघितलं, माणसं बघितली, की मुलीसाठी जे करायचं ते केलं. आणि चौकशी खरंच करायचे गं. धारवाडला जाऊन शेजारीपाजारी विचारून आले होते, मुलगा ऑफिसातून थेट घरी येतो का इथपर्यंत.

पण ताई नाही म्हणू शकली असती का? इथे मी अडकतो. त्याआधी काही स्थळं येऊन गेली होती. रंग सावळा म्हणून नकार आले होते, त्याबद्दल घरात कुणी बोलायचं नाही, पण पत्र आलं की ती गच्चीत जाऊन बसायची हे मी बघितलंय. अशा मुलीला चांगलं घर, पगारदार मुलगा आणि समोर विचारणारी सासू मिळाली, तर ती हो म्हणते ते मनापासून की दमून, हे बाहेरून कसं कळणार? आणि पुढे याद्या झाल्या त्यात दोन्हीकडचा लग्नाचा खर्च आमच्या बाजूला लिहिला गेला. हुंडा 1961 पासून कायद्याने बंद, म्हणून त्याला कुणी हुंडा म्हटलं नाही. अण्णांनी फंडातून पैसे काढले. आप्पा-अव्वा इतकी चांगली माणसं, पण ती यादी त्यांनीही खोडली नाही.

अव्वांनी शब्द पाळला मात्र. शेजारच्या मुलीचं पहिलीचं पुस्तक आणून रोज दुपारी ताईला अक्षरं गिरवायला बसवायच्या. तू आत्याला बघतेस ती आज घडाघडा कानडी बोलते, फोनवर मधेच आपल्यालाही कानडीत हाक मारते, इतकी वर्षं धारवाडच्या शाळेत गणित शिकवून रिटायर झाली. ती कानडी लिहायला शिकली. काका मराठी वाचायला शिकले का? नाही. कुणी त्यांच्याकडून अपेक्षाही केली नाही. लग्नानंतर बदलायचं ते तिनंच, ही गोष्ट त्या भेटीत दोन्ही घरांनी न बोलता मान्य करून टाकली होती, आणि मला वाटतं तुला जे खुपतंय ते हेच आहे. मलाही खुपतं, आता तू विचारल्यावर जरा जास्तच.

आणि तरी मी त्या दिवसाला नावं ठेवू शकत नाही. इथे तुझ्या मैत्रिणींकडे मुलं स्वतःच ठरवतात, आईवडील लग्नाच्या आदल्या आठवड्यात भेटतात, ते वाईट आहे असं मी म्हणत नाही, मी आणि आईनेही स्वतःच ठरवलं. पण एकमेकांची भाषा न येणारी दोन घरं अवघडून एका खोलीत बसून राहतात, करपलेला शिरा छान झालाय म्हणून खातात, हे सगळं आपल्या पोरांसाठी करतात, ते मी बघितलंय आणि त्यात मला प्रेम दिसलं होतं. दादाकाकांच्या लेकीचं बरंच बरं आहे, ती दोघं आधीच चार महिने रोज बोलतायत, घरचे नंतर येतायत. तिकडच्या घरी कांदा चालतो का एवढं मात्र विचारून घ्या, असं मी दादाकाकांना कळवलंय.

ताईला मी हे कधी विचारलं नाही. धाकट्या भावानं विचारायचं नसतं असं वाटत राहिलं, मग वर्षं गेली. तू विचार. तू विचारलंस तर ती सांगेल, तुला ती कधी उडवून लावत नाही. इथली संध्याकाळ म्हणजे तिकडे दुपार, तिचं जेवण झालेलं असतं, काका झोपलेले असतात, मोकळेपणी बोलेल. तुझं मराठी अडलं तर अडू दे, तिला सवय आहे. मी त्या वेळी फिरायला जाईन. आणि ती जे काही सांगेल ते मला नाही सांगितलंस तरी चालेल.

बाबा